टोकन नंबर, किल्ली आणि कीक्लोक: शिरोलीच्या फाउंड्रीतून

आधी निकाल सांगतो, कारण एमआयडीसीत कुणाला शेवटपर्यंत वाचायला सवड नसते. कीक्लोक म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरांचं लॉगिन एका ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर. दीड-दोनशे माणसं कॉम्प्युटरला हात लावतात अशा कारखान्याला ते पुरून उरतं. लायसन्सचा पैसा लागत नाही आणि ऑफिसात ते झकास चालतं. शॉप फ्लोअरवर मात्र आहे तसं बसत नाही, तिथं डोकं खर्च करावं लागतं. आणि तुमच्या टाइम ऑफिसचं रजिस्टर धड नसेल तर कीक्लोक घ्या नाहीतर परदेशातलं महागडं काही घ्या, पैसे पंचगंगेत.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सिस्टीमचं काम बघतो. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची कास्टिंगं, गिऱ्हाईक बहुतेक गाड्या आणि ट्रॅक्टर बनवणारे. माझी सुरुवात टाइम ऑफिसात झाली, हजेरीची कार्डं पंच व्हायची तेव्हा. पुढं कॉम्प्युटर आला आणि "तुला जमतंय न्हवं, मग बघ तूच" म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. त्यामुळं इंजिनियर मंडळी लिहितात तसं या विषयावर मला लिहिता येणार नाही. मी याच्याकडे हजेरीपटाच्या बाजूनं बघतो. माणूस कामावर आहे का, कुठल्या खात्यात आहे, गेला असेल तर कधी गेला.

निमित्त झालं एका गिऱ्हाइकाच्या ऑडिटचं. पूर्वी ऑडिटर यायचे, सँड लॅब बघायचे, स्पेक्ट्रोचे रिपोर्ट चाळायचे, तांबडा-पांढरा ओरपून जायचे. आता येण्याआधी माहितीच्या सुरक्षेची प्रश्नावली येते. युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या साखळीत असाल तर टिसॅक्स, म्हणजे गाडी उद्योगाची माहितीच्या सुरक्षेची तपासणी, नाहीतर त्याच विषयाचं आयएसओ २७००१ हे मानक. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत परिशिष्टातली ५.१५ ते ५.१८ ही चार कलमं सरळ याच विषयाची आहेत: कुणाला आत सोडायचं, त्याची ओळख कशी ठेवायची, पासवर्ड कसे सांभाळायचे, दिलेले हक्क परत कधी घ्यायचे. ऑडिटरनं प्रत्यक्षात विचारलं ते एवढंच: "आमचं ड्रॉइंग तुमच्याकडे आज कोण कोण उघडू शकतं, नावं द्या."

नावं कुठली देणार? यादीत होतं 'डिझाइन एक', 'क्वालिटी', 'पॅटर्न', 'स्टोअर दोन'. स्टोअरचा पासवर्ड तर अंबाबाईच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहिलेला असायचा. महिना बदलला की स्टोअरचे तात्या तो न चुकता नव्या पानावर उतरवून घ्यायचे. तात्यांच्या नेटकेपणाबद्दल कुणाला शंका नव्हती.

कीक्लोक म्हणजे काय ते एका दमात सांगतो. रेड हॅट कंपनीत सुरू झालेला मुक्त स्रोत प्रकल्प, पहिली आवृत्ती २०१४ ची, अपाची लायसन्स, आणि २०२३ पासून क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली. ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), ड्रॉइंगचं पोर्टल, मेंटेनन्सची तिकिटं, या प्रत्येकानं आपापला पासवर्ड सांभाळत बसायच्या ऐवजी "हा माणूस खरा का" असं कीक्लोकला विचारायचं. विचारायची भाषा ओपनआयडी कनेक्ट किंवा सॅमल. आमच्याकडे विंडोजची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आधीपासून होती, म्हणजे कॉम्प्युटर वापरणाऱ्यांच्या खात्यांची यादी. कीक्लोक तिला एलडॅप नावाच्या पद्धतीनं जोडता येतं, म्हणजे माणसांची यादी दोन ठिकाणी ठेवायला नको.

ज्या सॉफ्टवेअरला यातली कुठलीच भाषा येत नाही ते बाहेरच राहतं. आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि वजनकाट्याचा जुना प्रोग्रॅम अजून बाहेरच आहेत. विकायला येणारा माणूस पहिल्या मीटिंगला हे बोलत नाही. म्हणून कोटेशन मागवायच्या आधी आपल्या सगळ्या सॉफ्टवेअरांची यादी काढा आणि प्रत्येकापुढं ओपनआयडी किंवा सॅमल येतं की नाही एवढंच लिहा. निम्म्याहून जास्त ठिकाणी 'नाही' आलं तर आधी ती सॉफ्टवेअर बदलायचा विचार करा, हे राहू दे.

बसवून दिलं राजारामपुरीतल्या एका छोट्या टीमनं. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल. चार-पाच पोरांचं ऑफिस आहे, वरच्या मजल्यावर. त्यांच्यातला एक जण पहिल्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये न बसता टाइम ऑफिसात येऊन बसला, आणि या एका गोष्टीसाठी मी त्यांना भरपूर गुण देतो. त्यानं मस्टर मागून घेतलं, पानं उलटली आणि विचारलं, "काका, टोकन नंबर परत वापरता काय?"

"वापरतो की. माणूस सोडून गेला की नंबर रिकामा होतो, नव्याला देतो. पितळी बिल्ले होते तवापासनं तसंच हाय."

"मग गेल्या वर्षीच्या हीट रिपोर्टवर ४१७ नंबर आहे, तो कोण?"

हीट रिपोर्ट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची नोंद. मस्टर काढून बघितलं तर त्या वर्षात ४१७ नंबर दोघांकडे होता. पहिला मार्चमध्ये सोडून गेलेला, दुसरा जूनमध्ये लागलेला. रिपोर्ट कुठल्या महिन्याचा आहे ते बघून मग माणूस ठरवायचा. पगाराला याची अडचण कधी आली नव्हती, कारण पगार महिन्याच्या महिन्याला होतो. पण गिऱ्हाईक सात वर्षांपूर्वीचं कास्टिंग हातात धरून विचारायला येतं, तेव्हा नंबर एक आणि माणसं दोन असून कसं चालेल? त्या दिवसापासून बिल्ल्याचा नंबर बिल्ल्यापुरता राहिला. लॉगिनचा नंबर वेगळा, एका माणसाला आयुष्यात एकदाच, तो गेला तरी दुसऱ्याला नाही. नावावरून लॉगिन बनवायचा विचार पोरांनी आपणहून सोडला, कारण आमच्याकडे एस. पाटीलच अर्धा डझन निघाले. त्यातले दोघे सुनील, दोघेही करवीर तालुक्यातले.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. अशा सॉफ्टवेअरची एक परीक्षा आहे, ती पैसे द्यायच्या आधी, तुमच्याच कॉम्प्युटरवर, विकणाऱ्याला समोर बसवून घ्यायची. एक खातं उघडा. त्यानं सगळीकडे लॉगिन करा, ड्रॉइंग उघडून ठेवा. मग ते खातं बंद करून टाका आणि घड्याळ लावा. किती वेळानं बाहेर काढतंय ते बघा. आत जाणं किती झटपट होतं हे सगळे दाखवतात, बाहेर काढणं कुणी आपणहून दाखवत नाही.

आमच्याकडे ईआरपीच्या वेब भागानं पाच मिनिटांच्या आत बाहेर काढलं. कीक्लोक एखाद्या सॉफ्टवेअरला जो प्रवेशाचा परवाना देतं त्याचं आयुष्य मुळातच पाच मिनिटांचं ठेवलेलं असतं. तो संपला की सॉफ्टवेअर नवा मागायला जातं आणि बंद खात्याला नवा मिळत नाही. छान. ड्रॉइंगच्या पोर्टलनं मात्र संध्याकाळ झाली तरी काही हालचाल केली नाही. त्यानं सकाळी एकदा कीक्लोकला विचारलं, मग स्वतःची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवायची ओळखीची खूण, दिली, आणि पुन्हा विचारायला गेलंच नाही. म्हणजे ज्या दारासाठी हा सगळा खटाटोप, तेच दार सताड उघडं.

दोष कीक्लोकचा नाही, पण एकच लॉगिन मिळालं म्हणजे एकच लॉगआउटही मिळालं अशी समजूत करून घेऊ नका. त्यासाठी बॅकचॅनल लॉगआउट नावाची सोय आहे. पोर्टलनं एक पत्ता द्यायचा, त्या पत्त्यावर कीक्लोक "ह्याला काढा" असा निरोप धाडतं. तोही नुसतं खातं बंद केल्यानं जात नाही, त्या माणसाची चालू सेशन्सही, म्हणजे आधीच झालेली लॉगिनं, संपवावी लागतात. म्हणून आमच्या कागदावर आता दोन ओळी आहेत: खातं बंद, सेशन्स बंद. पोर्टल बनवणाऱ्या कंपनीकडून तो पत्ता करून घ्यायला जेवढे फोन झाले तेवढे बाकीच्या अख्ख्या कामात झाले नसतील.

एवढा काथ्याकूट कशाला, असं मालकांनीही विचारलं. मी त्यांना कोलोनियल पाइपलाइनची गोष्ट सांगितली. मे २०२१, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी पाइपलाइन कंपनीला बंद ठेवावी लागली. चोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात यायच्या वाटेनं. त्याला पासवर्ड होता, दुसरी कसलीही पडताळणी नव्हती. खंडणी गेली ७५ बिटकॉइन, तेव्हाच्या भावानं सुमारे ४४ लाख डॉलर. मालक ऐकून घेऊन म्हणाले, "आपल्यातबी असली खाती असतील की." हुडकली तर निघाली. वारलेल्या एका क्लार्कचं खातं चालू होतं आणि त्यावरून डिस्पॅचमध्ये रोज चलनं निघत होती. चोरीबिरी काही नव्हती. डिस्पॅचवाल्या बिचाऱ्याला तो पासवर्ड पाठ होता आणि नवीन खातं मागायचा कंटाळा, एवढंच. पण चलनावर नाव मयताचं.

खातं कधी बंद करायचं यावर पर्सोनेलशी थोडं वाजलं. त्यांची पद्धत अशी की फायनल हिशोब झाला की माणूस गेला असं धरायचं. फायनल हिशोब व्हायला महिना-दीड महिना जातो. माझं म्हणणं, गेटवरचा शेवटचा पंच हाच शेवट. आता रोज रात्री हजेरीच्या सॉफ्टवेअरमधून एक फाइल निघते आणि त्यावरून डिरेक्टरीतली खाती चालू-बंद होतात. कीक्लोकमध्ये डिरेक्टरीचा तो चालू-बंद शिक्का वाचायची सोय आहे. अट एवढीच की ती जोडणी लिहिताना सोडून द्यायची नाही.

ठेकेदाराची माणसं हा वेगळा अध्याय. ठेकेदार कधी सांगत नाही कोण गावाला गेला. बिहार-यूपीची पोरं छठपूजेला जातात, त्यातली काही परत येतात, काही सुरतेला जातात. आम्ही नियम केला, ओळीनं सात दिवस पंच नाही तर खातं झोपलं. परत आला तर टाइम ऑफिसच्या खिडकीतून लगेच उठवता येतं. शिवाय ठेक्याची मुदत संपते त्या तारखेला खातं आपोआप संपावं म्हणून तारीख घातली, ती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, कारण तिथं खात्याला मुदत देता येते. बाहेरच्या पॅटर्न मेकरांनाही, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्यांनाही, असंच. उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याला ज्या जॉबचं काम आहे त्याच जॉबचं ड्रॉइंग दिसतं, आणि पॅटर्न मंजूर झालं की दिसायचं बंद होतं. पहिल्यांदा त्यांचा फोन आला, "काय ओ, विश्वास न्हाई काय आमच्यावर?" चहाला जाऊन समजावून आलो.

आता शॉप फ्लोअर. इथं कीक्लोकचा जो मोठा गुण, तोच आडवा येतो.

ऑफिसात प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा. सकाळी एकदा लॉगिन केलं की दिवसभर सगळी सॉफ्टवेअर उघडतात, लोक खूश. फर्नेसजवळच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर एक आणि हात पाच. मेल्टिंगवाला हीटची नोंद करून बाहेर गेला, लॅबवाला येऊन बसला, त्यानं ईआरपी उघडलं, आणि ते मेल्टिंगवाल्याच्या नावानं गप उघडलं. पोरांनी यावर ईआरपीची सेशन दहा मिनिटांची केली आणि काम झालं म्हणून सांगितलं. झालं नव्हतं. ईआरपीची सेशन संपली तरी कीक्लोकची मूळ सेशन ब्राउझरमध्ये जिवंत असते. ईआरपी विचारायला जातं, कीक्लोक म्हणतं "हा तर मघाचाच", आणि न विचारता परत आत. मुळात ही सेशन अर्धा तास हात न लावल्यास संपते आणि काही झालं तरी दहा तासांनी संपते, असं ठेवलेलं असतं. अर्ध्या तासात आमच्याकडे फर्नेसवरून तीन वेगळ्या माणसांच्या नोंदी पडतात. आणि बारा तासांच्या पाळीला दहा तासांची मर्यादा भलत्याच वेळी आडवी येते, मेटल ओतायच्या घाईत.

शेवटी फ्लोअरच्या ईआरपीला असं करून घेतलं की प्रत्येक नव्या प्रवेशाला कीक्लोकनं नव्यानं ओळख विचारलीच पाहिजे, आधीची सेशन असो नसो. स्क्रीनवर 'माझं काम झालं' असं मोठं बटण आलं, ते दाबलं की कीक्लोकमधूनच बाहेर. लॉगिनचं पान मराठीत करून घेतलं, ते सोपं गेलं. शिवाय काही मिनिटं हात लागला नाही की तिथला ब्राउझरच बंद होऊन नवा उघडतो. हे सगळं कीक्लोकला करता येतं, पण पेटीतून काढून लावलं की होतं असं नाही. पोरांनी कोटेशनमध्ये फ्लोअर आणि ऑफिस एकच धरलं होतं. कारखान्यात कधी पाळी न केलेल्या माणसाकडून काम करून घेताना हे आधी बोलून घ्या.

पण प्रत्येक वेळी पासवर्ड टाइप करायचा म्हटलं तर हातमोजे काढा, अक्षरं शोधा. लोक चार दिवसांत पुन्हा एकाच नावावर आले असते. मोबाइलवरचा सहा आकडी कोड बाद होता, कारण गिऱ्हाइकाच्या नियमानं फोन गेटवर जमा करावे लागतात. एसएमएसचा ओटीपी कीक्लोकमध्ये मुळात नाहीच, वेगळी जोडणी बसवावी लागते. असता तरी फोन गेटवरच. बोटाच्या ठशाचं सुचवल्यावर मोल्डिंगचे मिस्त्री हसले. "मर्दा, पस्तीस वर्सं वाळू चाळली ह्या हातानं. ठसा ऱ्हायलाय कुठं?" खरंच, हजेरीच्या मशीनवरही त्यांचा ठसा तीन-तीनदा नापास होतो.

म्हणून फिडो किल्ल्या घेतल्या. यूएसबीत घालायची छोटी किल्ली, तिला एक पिन, आणि वर बोट टेकवायचं. बोट टेकवणं म्हणजे ठसा नव्हे, नुसता स्पर्श, त्यामुळं मिस्त्रींचंही चालतं. कीक्लोक वेबऑथन नावाच्या मानकानं ती ओळखतं. या किल्लीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की ती ज्या पत्त्यासाठी नोंदवली त्याच पत्त्याला उत्तर देते. कुणी हुबेहूब खोटं लॉगिन पान बनवून मेलवर पाठवलं तरी माणूस फसेल, किल्ली फसत नाही. पिन ओळीनं आठदा चुकला की ती कुलूपबंद होते आणि पुसून नव्यानं नोंदवावी लागते. हे गमतीनं एकमेकांच्या किल्ल्यांवर करून बघणारी तरुण मंडळी प्रत्येक कारखान्यात असतात. आमच्याकडेही आहेत.

तीन अडचणी सांगतो, कारण माहितीपत्रकात त्या नसतात. एक, आमचं ईआरपी वर्षानुवर्षं नुसत्या आकडी आयपी पत्त्यावर उघडायचं. किल्लीला तसा पत्ता चालत नाही. धड नाव लागतं आणि सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळं आतल्या नेटवर्कचं नामकरण आणि प्रमाणपत्रं हे अंगावर आलेलं काम निघालं. दुसरी, फाउंड्रीतली काळी धूळ यूएसबीच्या तोंडात बसते. आम्ही छोटी एक्स्टेंशन वायर टेबलावर काढली, ती खराब झाली की बदलतो, कॉम्प्युटर वाचतो. तिसरी, किंमत. सगळ्यांना किल्ली द्यायचा खर्च मालकांना झेपणार नव्हता आणि गरजही नव्हती. ज्याची नोंद सही म्हणून धरली जाते त्यालाच किल्ली: मेल्टिंग, लॅब, फायनल इन्स्पेक्शन, आणि अर्थातच सिस्टीमचे सर्वाधिकार ज्यांच्याकडे आहेत ते. ती गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीलाच अडकवलेली असते, त्यामुळं हरवण्याचं प्रमाण भीती होती त्यापेक्षा कमी आहे. तात्यांनी आधी कुरकुर केली, आता किल्लीला पितळी साखळी लावून घेतली आहे.

कोल्हापुरात राहून या विषयावर लिहायचं आणि पुराबद्दल बोलायचं नाही, असं होणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि शहराकडून एमआयडीसीत येणं बंद झालं. तेव्हा आमच्याकडे कीक्लोक नव्हतं. असतं तर काय झालं असतं याचा विचार करूनच पुरातही लॉगिन चालू राहिलं पाहिजे ही मागणी मी पुढं केली. सगळ्या सॉफ्टवेअरांचं लॉगिन एका ठिकाणी आणलं म्हणजे ते ठिकाण बंद पडलं की सगळंच बंद. ज्याच्याकडे सर्वाधिकाराची किल्ली तो शुक्रवार पेठेत अडकला, आणि सर्व्हर इकडं शिरोलीत. तेव्हा काय?

पोरांनी यावर जे केलं ते नेटकं आहे. कीक्लोकच्या दोन प्रती चालतात, एक कारखान्यात आणि एक भाड्यानं घेतलेल्या क्लाउडवर. शिवाय आणीबाणीचं एक खातं, कुणाच्याच नावाचं नसलेलं, कारखान्यात मुद्दाम ठेवलेलं एकमेव. त्याचा लांबलचक पासवर्ड आणि एक किल्ली सीलबंद पाकिटात, पाकीट टाइम ऑफिसच्या तिजोरीत, दुसरं तसंच शहराच्या बाजूला मालकांच्या घरी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आम्ही ठरवलंय की ३९ ला दोन्ही पाकिटं जागेवर आहेत का ते बघायचं, आणि ४३ ला कारखान्यात मुक्कामाला असलेल्या पाळीच्या इन्चार्जला ते उघडायची परवानगी. उघडलं की तेवढ्यापुरती नोंद वहीत, आणि पाणी ओसरल्यावर पासवर्ड नवा. वजनकाटा आणि गेट पास यांना कीक्लोकविना चालायची सोय मुद्दाम ठेवली आहे. पाणी वाढताना गाड्या बाहेर काढायच्या असतात, तेव्हा लॉगिनपायी गेटवर ट्रक अडकून चालणार नाही.

आता कुरकुरीच्या गोष्टी. कीक्लोक बसवल्या बसवल्या लॉगिनच्या घटनांची नोंद साठवत नाही. ते मुद्दाम चालू करावं लागतं. चुकीचे पासवर्ड मारत बसणाऱ्याला अडवायची सोयही मुळात बंद असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायला लागतात, सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायला लागते, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली असावी लागतात. घड्याळाचं तर ऑफिसातल्या लोकांसाठीही महत्त्वाचं निघालं. ते मोबाइलवरचा कोड वापरतात, तो तीस सेकंदांनी बदलतो, सर्व्हरचं घड्याळ मागं पडलं की सगळ्यांचे कोड चुकीचे. नोंदी चालू करायचं काम टीमनं मी विचारल्यावर केलं. माझ्या मते हे न विचारता व्हायला हवं.

इंटरनेटवरची माहिती जुनी-नवी मिसळलेली आहे हीसुद्धा कटकट. २०२२ मध्ये सतराव्या आवृत्तीपासून कीक्लोकची आतली रचनाच बदलली, जुनं वाइल्डफ्लाय गेलं आणि क्वार्कस आलं. त्याआधीचे लेख बघून काम केलं तर पत्तेसुद्धा जुळत नाहीत. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ताज्या आवृत्तीतच येतात, म्हणजे बसवून विसरून जायचं हे सॉफ्टवेअर नव्हे. लायसन्स शून्य असलं तरी वर्षाचा देखभाल करार लागतोच, आणि त्यात अपग्रेड स्पष्ट लिहून घ्या. महिन्याला माणशी दर लावणाऱ्या क्लाउड सेवांशी आम्ही ताळा केला होता. पक्क्या नोकरांपुरतं बघितलं तर फरक फार नव्हता. ठेक्याची माणसं धरली, जी दिवाळीआधी वाढतात आणि नंतर घटतात, तेव्हा कीक्लोक स्वस्त पडलं. ज्यांच्याकडे सगळेच ऑफिसात बसणारे आहेत आणि सर्व्हर सांभाळायला कुणी नाही, त्यांनी क्लाउडवालीच घ्यावी, उगीच फुकटाच्या मागं लागू नये.

हक्कांची तिमाही उजळणी कीक्लोक करून देत नाही. मी यादी एक्सेलमध्ये काढतो, खातेप्रमुखांकडे पाठवतो, ते प्रत्येक नावापुढं खूण करतात. पहिल्या वेळी सगळ्यांनी सगळ्यांपुढं खूण करून यादी दहा मिनिटांत परत पाठवली. दुसऱ्या वेळी मी यादीत मुद्दाम रिटायर झालेल्या दोघांची नावं घातली. आता वाचून खुणा होतात.

ऑडिटरशी एका बाबतीत जुंपली. त्याला दर ९० दिवसांनी सगळ्यांचे पासवर्ड बदललेले हवे होते. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ पासूनच ही सक्ती करू नका असं सांगितलंय, कारण लोक शेवटचा आकडा वाढवतात आणि पुढं जातात. किल्ली आणि कोड दाखवल्यावर त्यानं मान्य केलं, तरी रिपोर्टमध्ये एक वाक्य घातलंच.

राहता राहिली राजारामपुरीची मंडळी. काम चोख, फोन उचलतात, रात्रपाळीतही उचलतात. पण करार नव्यानं करताना मी लॉग काढून बघितला तर त्यांचं स्वतःचं येणं-जाणं 'सपोर्ट' या एकाच नावानं, आणि तो पासवर्ड त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांकडे. आम्हाला इतकं सगळं शिकवणारे! फोन केला. पलीकडून जरा वेळ काही उत्तर नाही, मग "काका, करतो उद्या." उद्या नको, आज म्हटलं. संध्याकाळी दोन नावं आली, दोघांना दोन वेगळी खाती दिली, दोन किल्ल्या त्यांच्याच खर्चानं, आणि खात्यांची मुदत कराराच्या शेवटच्या तारखेपर्यंत. 'सपोर्ट' मी स्वतः बंद केलं, सेशन्ससकट.